काचेवरचा बर्फ आणि कार्ब्युरेटरच्या घशातला बर्फ

सांगलीला विश्रामबागेत राहणाऱ्या, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाचा प्रश्न आहे. सिम्युलेटरमध्ये जानेवारीतलं खरं हवामान लावून त्याने सेसना १७२ हे एका इंजिनाचं छोटं विमान श्रीनगरहून जम्मूकडे नेलं. १२,५०० फुटांवर ढगात शिरला, ऑटोपायलट लावला आणि चहा आणायला उठला. येऊन बघतो तर काच पांढरी, स्पीड ९५ नॉटवरून ६० वर, आणि कप खाली ठेवायच्या आत विमान एका पंखावर कलंडून गेलं. पिटो हीट, म्हणजे स्पीड मोजणाऱ्या नळीची गरमी, चालू होती. कार्ब हीटचा, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात) गरम हवा सोडणारा, नॉब शोधला, तो सापडलाच नाही. त्याला तीन गोष्टी हव्या आहेत: आपलं चुकलं काय, खऱ्या विमानात असंच होतं का, आणि सातारा-सांगलीच्या उन्हात राहून हा बर्फ शिकण्यात काही अर्थ आहे का.

मी कराडच्या धावपट्टीवर सेसना १५२ वर शिकलो. कोयना धरणाच्या बांधकामाच्या काळातली ती धावपट्टी. पुढे बरीच वर्षं टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइनवर प्रोपेलर फिरवणारं प्रवासी विमान, उडवलं, आता साताऱ्यात कमर्शिअल पायलटच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांना हवामानशास्त्र शिकवतो. त्यामुळे आधी तिसरा प्रश्न घेतो, कारण तो विचारताना तू एक गोष्ट गृहीत धरली आहेस आणि तिथेच गडबड आहे. बर्फ म्हणजे थंडी, असं तुझ्या डोक्यात बसलंय.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दर हिवाळ्यात दवबिंदू गोठल्याची बातमी येते. गाडीच्या टपावर, जेटीच्या फळ्यांवर पांढरा थर. त्याच पहाटे वेधशाळेचा पारा पाच-सहा अंशांच्या खाली आलेला नसतो, आणि लोक म्हणतात वेधशाळा खोटं बोलते. वेधशाळा खरंच सांगते, पण ती हवेचं तापमान सांगते. गाडीचा टप निरभ्र आकाशाखाली रात्रभर आपली उष्णता सोडत बसलेला असतो, म्हणून तो हवेपेक्षा थंड होतो आणि शून्याच्या खाली जातो. पाणी जिथे टेकतं त्या जागेचं तापमान काय, हा प्रश्न. विमानातही एवढाच प्रश्न असतो. स्क्रीनवरचा हवेच्या तापमानाचा आकडा हे त्याचं अर्धंच उत्तर.

आता कराड. मी शिकत होतो तेव्हाची सप्टेंबरची एक सकाळ. रात्री पाऊस पडून गेलेला, हवा चोवीस अंश, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या ओलाव्याचं दव होऊ लागतं) बावीस. पाटणच्या बाजूने साडेचार हजार फुटांवरून परत येत होतो. सर शेजारी, हात मांडीवर. थोड्या वेळाने ते म्हणाले,

"थ्रॉटल का ढकललास?"

"आरपीएम थोडा उतरला होता, सर."

"किती वेळा ढकललास?"

मी मोजलं नव्हतं. त्यांनी मोजलं होतं: तीनदा. त्यांनी काही न बोलता कार्ब हीटचा नॉब पूर्ण बाहेर ओढला. आरपीएम वाढायच्या ऐवजी आणखी शंभराने पडला, इंजिन खोकायला लागलं, सगळं पॅनल थरथरलं. माझा हात आपोआप नॉबकडे गेला, परत आत ढकलायला. सरांनी मनगट धरलं. दहा-पंधरा सेकंद तसेच गेले असतील, मला ते कराड ते कोल्हापूर एवढे लांब वाटले. मग इंजिन मोकळं झालं आणि आरपीएम चढत गेला. नॉब आत गेल्यावर तो आधीच्याही वर जाऊन थांबला. बाहेर ऊन होतं. खाली कोयनेचं पाणी चमकत होतं. माझ्या शर्टाची पाठ घामाने भिजलेली, आणि दोन फूट पुढे इंजिनाच्या घशात बर्फ.

याचं कारण कळायला लग्नातल्या आचाऱ्याकडे जा. मोठ्या भट्टीला लावलेला गॅसचा सिलिंडर जोरात चालू असला की भर मे महिन्यात त्याच्या खालच्या भागाला घाम सुटतो, कधी पांढरं दवही धरतं, आणि आचारी तो कोमट पाण्याच्या टपात उभा करतो. द्रवाचा वायू होताना उष्णता ओढून घेतली जाते. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल हवेत उडतं तेव्हा हेच होतं, वर अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते म्हणून दाब पडतो आणि त्यानेही ती थंड होते. दोन्ही मिळून तापमान वीस अंशांहूनही जास्त पडू शकतं. चोवीस अंशांची दमट हवा आत गेली की थ्रॉटलच्या पाकळीपाशी ती शून्याखाली असते आणि तिच्यातला ओलावा तिथेच गोठतो. थ्रॉटल अर्धवट बंद असेल, म्हणजे उतरताना, तर फट आधीच बारीक, त्यामुळे ती लवकर बुजते. म्हणून पॉवर कमी करण्याच्या आधी कार्ब हीट ओढायची, नंतर नाही. ही गरम हवा एक्झॉस्टच्या भोवतालच्या कवचातून येते. इंजिन मेलं की एक्झॉस्ट थंड, आणि मग तो नॉब नुसता शोभेचा.

हे सगळं एप्रिलमध्ये माणदेशावर सहसा होत नाही. अडतीस अंश असतात, पण हवा कोरडी ठणठणीत. आपल्याकडे कार्ब्युरेटरच्या बर्फाचा मोसम म्हणजे पावसाळ्याचे मधले मोकळे दिवस, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सकाळी आणि घाटमाथ्याचं धुकं. हवेचं तापमान आणि दवबिंदू यांत चार-पाच अंशांचंच अंतर असेल तर मी विद्यार्थ्याला आधीच सांगून ठेवतो.

तुला नॉब सापडला नाही, कारण तुझ्या विमानात तो नसतोच. तुझी १७२ ही जी१००० पडद्यांची एस आवृत्ती. तिच्यात फ्युएल इंजेक्शनचं इंजिन आहे, कार्ब्युरेटर नाही. बीएस-६ नंतर गाडीला हात लावलेल्या तुमच्या पिढीला चोक, जेट, फ्लोट हे शब्दच परके, त्यात तुझा दोष नाही. इंजेक्शनच्या इंजिनाला घशातला बर्फ जवळजवळ होत नाही, पण बाहेरचा एअर फिल्टर बर्फाने बुजू शकतो. तेव्हा आतलं स्प्रिंगचं एक झाकण आपोआप उघडतं आणि इंजिन तिथून श्वास घेतं. पॉवर थोडी जाते, इंजिन चालत राहतं.

तर सातारा-सांगलीवर उडणाऱ्या छोट्या विमानाला बर्फ घशात धरतो, पंखावर नाही. पंखावर का नाही, याचा हिशेब वहीच्या कोपऱ्यात होतो. दर हजार फुटांना साधारण दोन अंश उतरतात. कराडला, समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आत, तीस अंश असतील तर शून्य अंश सतरा हजार फुटांच्या आसपास. हिवाळ्यात ते दोन-तीन हजार फूट खाली येतं. सेसना १५२ तिथवर सहसा पोहोचतच नाही.

पण विमान पोहोचत नाही म्हणून बर्फ नसतो असं नाही. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला विचार. त्याच्यासाठी वळवाचा ढग म्हणजे गार, आणि गार काही आकाशात तयार होऊन लटकत बसलेली नसते. खालून जोराचा वारा पाण्याचे थेंब वर नेतो, ते शून्याच्या खाली जातात, तरी सगळे लगेच गोठत नाहीत. पाण्याला गोठायला काहीतरी आधार लागतो. फ्रीझरमध्ये ठेवलेली पाण्याची बाटली कधी कधी पातळच राहते, बाहेर काढून टेबलावर आपटली की डोळ्यांसमोर तिचा बर्फ होतो, हे कुठल्याही थंड पेयाच्या दुकानदाराने पाहिलेलं असतं. ढगातले हे अतिशीत थेंब उणे वीसपर्यंत भरपूर सापडतात, थोडे थोडे उणे चाळीसपर्यंतही. गारेच्या बीजावर ते आपटतात आणि गार मोठी होते. विमानावर आपटले की विमान मोठं होतं.

पावसाळ्यात हैदराबादहून कोल्हापूरकडे जाणारं टर्बोप्रॉप सतरा-अठरा हजार फुटांवर असतं, म्हणजे नेमकं शून्याच्या रेषेवर आणि ढगात. खाली सांगलीत लोक पंखा लावून बसलेले असतात. मी अशा वेळी पंखाकडे बघत नसे, काचेच्या वायपरच्या बोल्टकडे बघत असे. बारीक वस्तू आधी बर्फ धरते. जाड पंखाभोवतीची हवा थेंबांना लांबून वळवून नेते, बारीक बोल्टाला ते जमत नाही, थेंब सरळ येऊन आदळतो. पहिल्यांदा बोल्टाच्या तोंडावर तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं टोक दिसतं, मग ते समोरून येणाऱ्या वाऱ्याकडे, म्हणजे पुढे, वाढत जातं. बर्फ मागे लोंबत नाही, वाऱ्यात तोंड खुपसून वाढतो, हे पहिल्यांदा बघताना विचित्र वाटतं. मग पंखाच्या कडेचे रबरी बूट फुगवायचे. थर पापडासारखा तडकतो आणि उडून जातो. प्रोपेलरवरचा बर्फ सुटला की खोक्यावर कुणी मूठभर खडी मारावी तसा आवाज येतो. मागच्या प्रवाशांचे चेहरे मला दिसत नसत, पण केबिन क्रूचा फोन लगेच येई.

हीच बारीक-जाड गोष्ट शेपटीलाही लागू आहे. शेपटीचा आडवा पंख मुख्य पंखापेक्षा पातळ, म्हणून त्याला बर्फ आधी आणि जास्त, आणि पायलटला तो दिसतही नाही. शेपटी विमानाला मागून खाली दाबून धरते. फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या उतरताना सोडायच्या झडपा, सोडले की तिच्यावरचा ताण वाढतो. बर्फाळलेली शेपटी अशा वेळी स्टॉल झाली, म्हणजे तिच्यावरची हवा सुटून तिचा जोर गेला, तर नाक धाडकन खाली जातं, आणि तेव्हा करायचं ते नेहमीच्या स्टॉलच्या बरोबर उलट: स्टिक मागे, फ्लॅप वर. म्हणून बर्फ घेऊन उतरायची वेळ आली तर फ्लॅप वापरू नये किंवा अगदी कमी वापरावेत, स्पीड जास्त ठेवावा आणि लांब धावपट्टी शोधावी. सिम्युलेटरवर हे बसून शिकता येईल असं मी म्हणणार नाही. घरगुती सिम्युलेटरमध्ये शेपटीचा स्टॉल खऱ्यासारखा झालेला मी अजून पाहिलेला नाही.

आता तुझं चुकलं काय. पहिलं, तू तिथे होतास हेच. सेसना १७२ ला ज्ञात बर्फात जायची परवानगीच नाही, तिच्या पंखावर ना बूट, ना गरम हवा, ना ग्लायकॉल पाझरणाऱ्या पट्ट्या. पिटो हीट फक्त स्पीड मोजणारी नळी गरम ठेवते. ती चालू होती म्हणूनच स्पीड पडताना तुला खरा आकडा दिसला. नाहीतर बर्फाने गच्च झालेली नळी तुला खोटा आकडा दाखवत राहिली असती.

त्या नळीला कमी लेखू नकोस. १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला निघालेलं ४४७ हे एअरबस ए३३० अटलांटिकवर, विषुववृत्ताजवळच्या गडगडाटी ढगांच्या पट्ट्यात, बर्फाच्या स्फटिकांत सापडलं. पिटो नळ्या गरम केलेल्या होत्या, तरी बुजल्या. स्पीडचे आकडे बिघडले, ऑटोपायलट सुटला, आणि नियंत्रण हातात असलेल्या पायलटने नाक वर ओढून धरलं. नळ्या मिनिटभरात पुन्हा मोकळ्या झाल्या. विमान मात्र स्टॉलमधून बाहेर आलं नाही. २२८ माणसं गेली. ही जागा उत्तर ध्रुवाजवळची नाही, हे लक्षात घे.

दुसरी चूक ऑटोपायलटची, आणि ही जास्त मोठी. उंची धरून ठेव असं तू त्याला सांगितलंस. बर्फाने लिफ्ट (पंखाची उचल) कमी झाली, ड्रॅग (हवेचा विरोध) वाढला, आणि तो बिचारा आज्ञाधारकपणे नाक थोडं थोडं वर करत राहिला, ट्रिम (नाक एका स्थितीत धरून ठेवणारी जुळणी) मागे फिरवत राहिला. तुझ्या हातात स्टिक असती तर दोन मिनिटांत कळलं असतं की विमान जड झालंय, सुस्त झालंय. त्याने ते तुझ्यापासून लपवलं आणि शेवटी वाकडंतिकडं ट्रिम केलेलं विमान तुझ्या हातात टाकून मोकळा झाला. ३१ ऑक्टोबर १९९४ ला अमेरिकेत इंडियाना राज्यात रोझलॉनजवळ पडलेल्या एटीआर ७२ या टर्बोप्रॉपमध्येही ऑटोपायलट असाच सुटला होता. ते विमान गोठणाऱ्या रिमझिमीत बराच वेळ घिरट्या घालत होतं. थेंब नेहमीपेक्षा मोठे होते, ते बुटांच्या मागे वाहत जाऊन तिथे गोठले, बूट फुगून उपयोग नव्हता. त्या बर्फाच्या कडेने एलरॉनवरची (विमान कलवणाऱ्या, पंखामागच्या पट्टीवरची) हवा बिघडली आणि एलरॉन आपोआप एका बाजूला खेचलं गेलं. ६८ जण होते, कुणी वाचलं नाही. त्यानंतर एटीआरचे बूट मागे जास्त रुंद केले गेले. माझी पिढी त्या रुंद बुटांवर उडाली.

तिसरं, स्टॉलचा भोंगा वाजला नाही किंवा उशिरा वाजला, असं तुझ्या वर्णनावरून दिसतं. भोंगा स्वच्छ पंखासाठी लावलेला असतो. सुताराच्या मध्यम पॉलिश पेपरएवढा खडबडीतपणा पंखाच्या पुढच्या कडेवर आला तरी लिफ्ट ३० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते आणि ड्रॅग ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, हे प्रयोगांतून ठरलेले आणि शिकवले जाणारे आकडे आहेत. अशा पंखाचा स्टॉल भोंग्याच्या आधीच येतो. बर्फाचं वजन हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत वजन पहिलं लिहितात आणि मी दरवेळी गोल करतो.

सिम्युलेटर खऱ्याच्या किती जवळ आहे? मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये बर्फाचा परिणाम बंद, फक्त दिसण्यापुरता, किंवा पूर्ण असा निवडता येतो. बऱ्याच जणांचं 'फक्त दिसण्यापुरता'वर असतं आणि त्यांना वाटतं आपण बर्फातून सहज निघतो. २०२० च्या सुरुवातीच्या आवृत्तीत तर ढगाचा वास लागताच सगळं विमान साखरेत घोळल्यासारखं व्हायचं. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये पंख, प्रोपेलर, पिटो, हवेचं तोंड यांवर बर्फ वेगवेगळा साठतो, ते मला जास्त पटतं. दोन्हीत नसतं ते म्हणजे थरथर, आवाज, आणि दोन पंखांवर कमी-जास्त धरलेल्या बर्फाने स्टिकवर येणारा एकतर्फी ओढा. स्क्रीनवरची काच पांढरी होते म्हणून तू घाबरलास. खऱ्यात काच पांढरी व्हायच्या आधी स्पीड दहा नॉट गेलेला असतो.

काश्मीरमध्ये तू काय करायला हवं होतंस? खाली गरम हवा आहे म्हणून उतरावं, तर खाली पीर पंजाल. वर चढावं, तर १७२ ची छातीच १४,००० फुटांची, त्यात बर्फ. उरतो मागे वळणं. मागचं हवामान तू नुकतंच पाहिलेलं असतं, पुढचं पाहिलेलं नसतं. पहिला पांढरा ठिपका पंखाच्या स्ट्रटवर (आधाराच्या दांड्यावर) किंवा बाहेरच्या थर्मामीटरच्या नळीवर दिसला की ऑटोपायलट काढ, हलक्या हाताने, कमी कलून वळ, पॉवर सोडू नकोस. आणि चहा आधी आणून ठेव.

जेट उडवायला लागशील तेव्हा एक आकडा गोंधळात टाकेल. एअरबसमध्ये दिसेल असा ओलावा असेल आणि तापमान अधिक १० किंवा त्याखाली असेल तर इंजिनाचं अँटी-आइस चालू करतात. अधिक दहा, उणे नाही. जमिनीवर आणि कमी वेगात इंजिन हवा ओढून घेतं तेव्हा त्याच्या तोंडाशी ती पसरते आणि थंड होते, कार्ब्युरेटरच्या घशाचाच मोठा भाऊ. उंचावर वेगात उलटं होतं: बाहेर उणे तीस असताना ०.७८ माखने (ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पट) जाणाऱ्या विमानाच्या नळीला हवा दाबून आदळते आणि ती उणे एकच्या आसपास वाचते. वेण्णा तलावावरची गाडी हवेपेक्षा थंड, हे विमान हवेपेक्षा गरम.

घरी करून बघायचं असेल तर काश्मीर नको, कराडच लाव. पण खऱ्या कराडवर पंखाला बर्फ धरणार नाही, म्हणून हवामान हाताने घाल: ६,००० ते ९,००० फूट सलग ढग, आत उणे पाच. सेसना १५२ घे, ऑटोपायलट तिच्यात नाहीच. वही मांडीवर ठेव आणि दर मिनिटाला स्पीड लिही, पॉवर न हलवता. पाच नॉट गेले की वळ. दुसऱ्या दिवशी दहा नॉट जाईपर्यंत थांब आणि मग वळून बघ, वळताना किती उंची गेली ते लिही. दोन्ही पानं शेजारी ठेवून बघ. घशातला बर्फ सिम्युलेटरच्या सगळ्याच विमानांत नीट होत नाही. ज्यात होत नाही त्यातही पॉवर कमी करण्याआधी नॉब ओढायची हाताला सवय लाव.

त्यासाठी माऊस वापरू नकोस, माऊसने हात काही शिकत नाही. खऱ्या १५२ मध्ये तो नॉब थ्रॉटलच्या डाव्या बाजूला असतो. मी भंगारातून जुन्या मारुती ८०० ची चोकची दोरी आणली, थ्रॉटलच्या डावीकडे फळीला भोक पाडून बसवली आणि मागे एक साधा बेलचा स्विच लावला. दोरी जरा कडक आहे, ओढताना कर्र वाजते. खऱ्याचीही वाजायची.